भरतीचे यंत्र आणि दमलेला वैमानिक

बोधनिक मानसशास्त्राचा वाढदिवस पाठ्यपुस्तकांत ठरलेला असतो: 11 सप्टेंबर 1956. त्या दिवशी अमेरिकेतल्या एमआयटीत एक परिसंवाद चालू होता. न्यूएल आणि सायमन यांनी तर्कशास्त्रातली प्रमेये सिद्ध करणारा संगणकाचा प्रोग्राम मांडला, भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की व्याकरणावर बोलला, जॉर्ज मिलर माणसाच्या स्मरणाच्या मर्यादेवर. ही तारीख पुढे मिलरनेच मुक्रर केली. आधी मन वगळून फक्त बाहेरचे वर्तन मोजणारा वॉटसन-स्किनरचा वर्तनवाद, मग संगणक, मग मनाचे पुनरागमन, असा हा क्रम मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असतो.

गोष्ट खोटी नाही, अपुरी आहे. 1943 साली केंब्रिजहून निघालेले सव्वाशे पानांचे ‘द नेचर ऑफ एक्स्प्लनेशन’ हे पुस्तक तिच्यात क्वचितच येते. आले तर तळटिपेत. लेखकाचे नाव केनेथ क्रेक.

क्रेकचा जन्म 1914चा, एडिंबरोला लागून असलेल्या लीथचा. तत्त्वज्ञान शिकून 1936 साली तो केंब्रिजला आला आणि फ्रेडरिक बार्टलेटच्या प्रयोगशाळेत रुजू झाला. स्मरण म्हणजे कोठारातून वस्तू काढणे नव्हे, माणूस आठवण दर वेळी नव्याने रचतो, हे बार्टलेटने 1932 मध्येच मांडले होते. क्रेक मात्र हातांनी विचार करणारा. चिमुकली वाफेची इंजिने घडवणे हा त्याचा छंद. डोळा मिटल्यावरही दिसत राहणारी उत्तरप्रतिमा डोळ्यात तयार होते की मेंदूत, हा वाद सोडवण्यासाठी त्याने स्वतःच्याच डोळ्याचे बुबुळ दाबून धरून दृष्टी काही क्षण घालवली. तेवढ्यात डोळ्यासमोर प्रखर दिवा धरला. दिवा दिसला नाही. दाब काढल्यावर दृष्टी परतली आणि न दिसलेल्या दिव्याची उत्तरप्रतिमा उमटली. म्हणजे ती नेत्रपटलातच तयार होत होती. 1940 साली ‘नेचर’मध्ये त्याचे टिपण आले. आजच्या कुठल्याही नीतिसमितीने अशा प्रयोगाला परवानगी दिली नसती.

मग युद्ध सुरू झाले. ब्रिटिश हवाई दलाला एक रोकडा प्रश्न पडला होता: वैमानिक थकतो तेव्हा नेमके काय बिघडते? थकव्याचे तोवरचे मोजमाप स्नायूंचे होते. बोटाने वजन उचलत राहायचे आणि बोट कधी थांबते ते बघायचे. पण वैमानिकाचे स्नायू फारसे राबतच नाहीत. क्रेकने स्पिटफायर या लढाऊ विमानाची कॉकपिट प्रयोगशाळेत उभी केली आणि तिच्यातल्या दांड्या-पायट्यांची हालचाल समोरच्या तबकड्यांवर उमटेल अशी जोडणी केली. ‘केंब्रिज कॉकपिट’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात वैमानिक तासन् तास बसवले गेले.

जे दिसले ते कोणाच्या अंदाजात नव्हते. दमलेल्या वैमानिकाचे हात मंदावत नव्हते, हालचालीही बहुधा बरोबरच होत्या. त्या चुकीच्या वेळी होत होत्या. सुई कुठवर सरकली म्हणजे दुरुस्ती करायची याची त्याची मर्यादा हळूहळू सैल होई आणि त्याला त्याचा पत्ताही नसे. आपले काम नेहमीसारखेच चालले आहे अशी त्याची खात्री असे. कडेच्या तबकड्या, उदाहरणार्थ इंधनाची, त्याच्या लेखी उरतच नसत. सुरुवातीला सारा फलक त्याला एकसंध दिसे. नंतर सुटी सुटी वर्तुळे दिसू लागत. चिडचिड वाढे, दोष यंत्राला दिला जाई. आणि सर्वांत वाईट काळ शेवटचा! तळ जवळ आला असे वाटले की मन सैल पडे आणि चुका उसळत. बार्टलेटने 1941 मध्ये रॉयल सोसायटीपुढच्या व्याख्यानात हे सारे मांडले.

वर्तनवाद्यांचा चेतक-प्रतिसादाचा हिशेब इथे अडतो. तबकड्या त्याच, दांडे तेच, हातही तेच. बिघडले ते मधले काहीतरी, आणि त्याला नाव दिल्याशिवाय वैमानिक का कोसळला हे सांगता येईना. मनाचा विषय मानसशास्त्रात परत आला तो तत्त्वचर्चेच्या जोरावर आला असे मानणे सोयीचे आहे. इथे तो लष्कराच्या गरजेपोटी आला.

क्रेकने पुढे तोफचींकडे लक्ष वळवले. सरकत्या लक्ष्याचा माग घेणारा हात सलग फिरताना दिसतो, पण नोंदी तपासल्या तर तो टप्प्याटप्प्याने, सुमारे अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दुरुस्त्या करतो. एवढ्या सावकाश चालणाऱ्या यंत्रणेला वेगवान विमान कसे सापडते? विमान पुढे कुठे असेल हे माणूस आधीच ताडतो म्हणून. त्यासाठी डोक्यात जगाची एक लहान प्रतिकृती चालती असायला हवी.

हीच 1943च्या पुस्तकाची मध्यवर्ती कल्पना, आणि तिच्यासाठी क्रेकने दिलेले उदाहरण झकास आहे: भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विनचे भरतीचे भाकीत करणारे यंत्र. कप्पी, तरफा आणि एक तार. समुद्रासारखे त्यात काहीच नाही. तरीही चंद्र-सूर्याच्या ओढीचे घटक ते आपल्या चाकांत बेरजेला घेते आणि पुढच्या वर्षाची भरती कागदावर रेखते. दिसण्यातले साम्य गौण, चालण्यातले साम्य महत्त्वाचे. (त्याच जातीचे एक यंत्र 1879 मध्ये खास हिंदुस्थान सरकारसाठी लंडनमध्ये बनले होते आणि मुंबईसह इथल्या बंदरांची भरती-ओहोटीची कोष्टके त्यावरून काढली जात. मुंबईच्या गोदीत जहाज कधी घ्यायचे, याचा हिशेब लंडनच्या कप्प्यांवर होत होता.) मेंदूही असेच काही करतो, असे क्रेकचे म्हणणे: बाहेरच्या घटनांना चिन्हांचे रूप देतो, चिन्हांवर प्रक्रिया करतो आणि निष्कर्ष पुन्हा कृतीत उतरवतो. धोका प्रत्यक्ष पत्करण्याआधी तो आत पत्करून बघता येतो. हे लिहिले गेले तेव्हा एनिअ‍ॅक संगणकही पुरा झाला नव्हता. संगणकामुळे मनाचे रूपक सुचले, ही लोकप्रिय समजूत खोडायला एवढी तारीख पुरेशी आहे.

1944 मध्ये मेडिकल रिसर्च कौन्सिलने केंब्रिजला उपयोजित मानसशास्त्राचे केंद्र काढले आणि तिशीतला क्रेक त्याचा पहिला संचालक झाला. 7 मे 1945 रोजी, युरोपातल्या विजयदिनाच्या आदल्या दिवशी, किंग्ज परेडवरून सायकलने जाताना मोटारीमुळे त्याला अपघात झाला. त्यातून तो वाचला नाही. वय 31. तोफचींवरचे त्याचे निबंध त्याच्या मागे, 1947-48 मध्ये छापून आले. 1949 मध्ये लंडनला मेंदू आणि यंत्रांवर गप्पा मारणारा ‘रेशो क्लब’ निघाला. गणिती ट्युरिंगही त्यात येई. क्रेक असता तर इथला म्होरक्या तोच, ही हळहळ त्या मंडळींत होती.

पुढचे भराभर सांगण्यासारखे आहे. हवाई दलातून आलेल्या डोनाल्ड ब्रॉडबेंटने पाहिले होते की विमानात एकसारखे दोन दांडे शेजारी बसवलेले असतात आणि वैमानिक भलताच ओढतात. 1958 मध्ये त्याने अवधानाची गाळणी, म्हणजे मन कशाकडे लक्ष द्यायचे ते कसे निवडते, हे चौकोन-बाणांच्या आकृतीत मांडले. त्याच वर्षी तो क्रेकच्या केंद्राचा संचालक झाला. 1967 मध्ये नाइसरच्या ग्रंथाने शाखेचे नाव पक्के केले. चौकोन आणि बाण मात्र इतके वाढले की आतला ताडणारा माणूस दिसेनासा झाला. 1983 मध्ये जॉन्सन-लेअर्डने ‘मेंटल मॉडेल्स’मध्ये क्रेकचे ऋण उघड मान्य केले. आज कृत्रिम बुद्धिमत्तेतले संशोधक ‘वर्ल्ड मॉडेल’ या कल्पनेचा उगम सांगताना याच पुस्तकाचा दाखला देतात.

मानसशास्त्राच्या शिक्षकांनी वर्गात 1956 सांगण्याआधी 1943 सांगावे. केल्विनच्या यंत्राचे उदाहरण विद्यार्थ्यांना चौकोन-बाणांपेक्षा लवकर कळेल.