निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी, कार्ड सत्तराव्या वर्षी

ठाणे महानगरपालिका १९८२ साली स्थापन झाली आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका त्यानंतर वर्षभराने. त्या काळी विशीत सेवेत रुजू झालेली पिढी आता निवृत्त झाली आहे. दरमहा निवृत्तिवेतन मिळते. परंतु सेवेत असतानाचे आरोग्यविम्याचे छत्र पुढेही आपोआप टिकते, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. नोकरीबरोबरचा गट विमा सामान्यतः नोकरीबरोबरच संपतो.

केंद्र शासनाने २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकासाठी आयुष्मान भारत योजना खुली केली. उत्पन्नाची अट नाही, निवृत्तिवेतनाची आडकाठी नाही, खासगी विमा असला तरी हरकत नाही. वय आधार कार्डावरून ठरते. वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. मात्र पतिपत्नी दोघेही सत्तरीपुढचे असल्यास ही रक्कम दोघांत मिळून असते.

बहुतेक कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतात. म्हणजे मधली बारा वर्षे उरतात, आणि मधुमेह, हृदयविकार, गुडघेदुखी नेमकी याच वर्षांत घरात शिरतात.

या काळात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने तिची मर्यादा पाच लाखांवर नेली आणि पांढरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांनाही तीत सामावून घेतले. तथापि ही योजना अंगीकृत रुग्णालयांत, ठरावीक उपचारांपुरतीच लागू होते. रोजच्या गोळ्यांचा खर्च तीत बसत नाही. त्यासाठी कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही पालिकांचीच रुग्णालये जवळची ठरतात.

म्हणून स्वतःच्या विम्याचा विचार निवृत्तीच्या निरोप समारंभानंतर नव्हे, तर तीन वर्षे आधी करावा. कारण साधे आहे. आधीपासून असलेल्या आजारांसाठी विमा कंपनी कमाल तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ ठेवू शकते. पंचावन्नाव्या वर्षी विमा घेतल्यास निवृत्तीच्या दिवशी तो संपलेला असतो. गट विमा असल्यास, तो संपण्यापूर्वीच त्याच कंपनीच्या वैयक्तिक विम्यात जाण्यासाठी अर्ज करावा. आधी भोगलेला प्रतीक्षाकाळ त्यात मोजला जातो. सर्व वयोगटांसाठी विमा उपलब्ध ठेवण्याचे बंधन २०२४ पासून कंपन्यांवर आहे. परंतु अर्ज स्वीकारण्यापूर्वी प्रकृतीची तपासणी होऊ शकते. अर्जात जुना आजार लपवू नये. ऐन गरजेच्या वेळी दावा नाकारला जाण्याचे ते मोठे कारण ठरते.

पेढीवर बसणाऱ्याला निवृत्तीची तारीख नसते, तसे मालकाने उतरवलेल्या विम्याचे छत्रही नसते. त्याचा हिशेब याहून वेगळा नाही. देणे अंगावर येण्यापूर्वी तरतूद करावी, हे व्यापारी घराला कोणी शिकवावे लागत नाही. तीच शिस्त प्रकृतीच्या खात्यालाही लावावी आणि घरात कोणी सत्तरी ओलांडली असेल, तर त्यांचे कार्ड या आठवड्यातच काढून घ्यावे.