आठ्या आणि सुरकुत्या

आरशासमोर उभे राहून कपाळाला आठ्या घाला आणि मग चेहरा सैल सोडा. तरुण वयात आठ्या लगेच पुसल्या जातात. आजोबांच्या चेहऱ्यावर मात्र काही रेषा तशाच राहतात, त्या सुरकुत्या. चेहऱ्यावरच्या रेषांसाठी इंजेक्शन घ्यावे का, असे आम्हाला अनेकदा विचारले जाते. त्याचे निम्मे उत्तर या दोन शब्दांतच आहे.

आठी पडते ती स्नायूमुळे. चेहऱ्याचे बरेचसे स्नायू त्वचेलाच जोडलेले असतात. स्नायू आखडला की त्वचेला घडी पडते. आखडण्याचा निरोप चेतातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन या रसायनामार्फत येतो. क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे विष हे रसायन बाहेरच पडू देत नाही. दूषित अन्नातून ते पोटात गेले, तर श्वसनाचे स्नायू लुळे पडून मृत्यू ओढवू शकतो. पण अत्यल्प मात्रा नेमक्या जागी टोचली, तर तेवढाच स्नायू सैलावतो. १९८९ साली अमेरिकेत या विषाला तिरळेपणावरील औषध म्हणून मान्यता मिळाली. पापण्यांच्या आचक्यांवर ते वापरताना रुग्णांच्या भुवयांमधील आठ्याही जातात, हे कॅनडातील नेत्रतज्ज्ञ जीन करुथर्स यांच्या लक्षात आले. २००२ साली अमेरिकेत या उपयोगालाही मान्यता मिळाली. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारण तीन-चार महिने टिकतो.

सुरकुतीचे कारण वेगळे आहे. त्वचेला ताठपणा देणारी कोलॅजेन आणि लवचीकपणा देणारी इलास्टिन ही प्रथिने वयाबरोबर झिजतात. ऊन आणि धूम्रपान यांमुळे ती अधिक लवकर झिजतात. अमेरिकेतील एका मालमोटार चालकाचे छायाचित्र २०१२ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. २८ वर्षे चाक हाती धरलेल्या या गृहस्थाच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी अधिक सुरकुतलेली होती. खिडकीच्या काचेतून अतिनील-अ किरण बऱ्याच प्रमाणात आत येतात. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतून मुंबई-आग्रा महामार्गाला लागणारा आपला चालक उजवीकडे बसतो, म्हणून ऊन त्याच्या उजव्या गालावर पडते.

अशा गालावर हे इंजेक्शन उपयोगाचे नाही. तेथे दोष स्नायूचा नसून त्वचेचा आहे. उलट गालाचा स्नायू सैलावला तर हसू वाकडे होण्याचा धोका असतो. बारीक सुरकुत्यांवर रेटिनॉइड वर्गातील मलम उपयोगी पडते, मात्र गरोदरपणी ते वापरू नये. खोल खळग्यांत हायलुरॉनिक आम्ल भरतात. पण ते चुकून रक्तवाहिनीत गेल्यास दृष्टीही जाऊ शकते. खडबडीत त्वचेवर लेझरचा उपचार करतात. ऊन टाळणे हा यांपैकी सर्वांत स्वस्त उपाय. त्यासाठी टोपी, लांब बाह्या आणि सनस्क्रीन पुरेसे आहे.

म्हणून खर्च करण्याआधी रेष कोणती ते पाहावे. चेहरा हलवल्यावरच दिसणारी रेष असेल तर इंजेक्शनचा विचार करता येईल. तेही त्वचारोगतज्ज्ञाकडूनच घ्यावे, सौंदर्यप्रसाधनगृहात नव्हे. गरोदर स्त्रियांनी आणि स्नायुदुर्बलतेचा विकार असणाऱ्यांनी ते टाळावे.

वर्गात एक निरीक्षण करता येईल. घरातील वडीलधाऱ्यांच्या मनगटाची वरची बाजू आणि दंडाची आतली बाजू मुलांना शेजारी शेजारी पाहायला सांगावी. दोन्हींचे वय एकच असते. मग फरक कशामुळे पडला, ते मुलांनीच सांगावे.