गाडीवरची रेडियम पट्टी कडेनं मरते

ज्यांना पॉडकास्ट ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना आलेले 'अं... म्हणजे' आणि शेजारच्या मिक्सरचा आवाज काढून टाकलाय. बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय आहे गाडीच्या दारांवर, बॉनेटवर लावलेल्या व्हिनाइलच्या पट्ट्या. नाशिकहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती. पांढरी हॅचबॅक, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या, लावून सात महिने झालेत. पावसाळा संपला आणि मागच्या चाकाजवळचं टोक उचललं, रंगही करडा दिसायला लागला. वॉशिंग सेंटरवाला म्हणतोय, 'कंपाउंड मारून देतो, नव्यासारखी होईल.' प्रश्न एवढाच की, मारू देऊ का?

नको. अजिबात नको. पण नुसतं 'नको' सांगून उपयोग नाही, कारण उद्या दुसरा कुणीतरी डॅशबोर्ड पॉलिश घेऊन येईल, तिसरा फेविक्विक घेऊन येईल. ही पट्टी नेमकी काय चीज आहे हे एकदा कळलं की कुणाला हो म्हणायचं आणि कुणाला नाही, हे तुमचं तुम्हीच ठरवाल. पट्टी काही शे-हजारांची असते, पण तिच्याखालचं दार रंगवायची वेळ आली तर खर्च तिच्या कित्येक पट होतो. म्हणून पट्टीइतकाच खालचा रंगही जपायचा आहे, हे डोक्यात ठेवून पुढे वाचा.

आधी एक छोटी गंमत. आपल्याकडे या सगळ्याला सरसकट 'रेडियम' म्हणतात. दुकानावर पाटीच असते, 'रेडियम आर्ट'. खरं रेडियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घड्याळाच्या काट्यांवर अंधारात चमकणारा रंग लावायचे, त्यात ते असायचं. गाडीवरच्या स्टिकरमध्ये त्याचा कणही नसतो. त्यात असतं पीव्हीसी. हो, नळाच्या पाइपात असतं तेच पीव्हीसी.

आता पाइप कडक आणि पट्टी मऊ, असं कसं? तर मऊ करण्यासाठी पीव्हीसीत प्लॅस्टिसायझर नावाचं द्रव्य मिसळतात. (मी कॉम्प्युटरचा बीटेक, पॉलिमर मला पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीत एकदाच भेटले, पण एवढं लक्षात राहिलं.) ऊन आणि उष्णतेनं हे प्लॅस्टिसायझर हळूहळू बाहेर निघून जातं. घरातल्या डायनिंग टेबलवरचं पारदर्शक प्लास्टिक आठवा. नवं असताना कसं लोळतं, आणि दोन-चार वर्षांनी कडक, पिवळट, कडा वर वळलेल्या. गाडीवर हेच होतं, फक्त भर उन्हात, त्यामुळे लवकर.

दुसरी गोष्ट, ही फिल्म दोन प्रकारांनी बनते, आणि इथेच बहुतेकांची पट्टी किती टिकणार हे ठरून जातं. एक म्हणजे कॅलेंडर्ड. गरम रोलर्समधून दाबून, ताणून पातळ केलेली. मैद्याची पुरी लाटून ठेवली की जशी आकसते ना, तशी ही फिल्मसुद्धा आयुष्यभर आकसायला बघते. दुसरी कास्ट. यात पातळ द्रव कागदावर ओतून पसरवतात आणि भट्टीत वाळवतात, तव्यावर घावन घालतात तसं. तिला कुणी ताणलेलंच नसतं, म्हणून ती फारशी आकसत नाही. कास्ट साधारण ५० मायक्रॉन जाडीची, कॅलेंडर्ड बहुधा ७० ते १०० मायक्रॉन. म्हणजे जाड ती चांगली, हा समज इथे उलटा पडतो. दुकानात 'जाड माल आहे साहेब' ऐकलं की जरा थांबा आणि कास्ट आहे का ते विचारा. दाराचा खोलगट भाग, चाकावरची गोलाई असल्या ठिकाणी तर कास्टच हवी.

तुमच्या गाडीवर कुठली आहे ते कसं ओळखायचं? पट्टीच्या कडेला बारीक काळी रेघ दिसते का बघा. ती धुऊन जात नसेल तर ती नुसती धूळ नाही. फिल्म आकसून मागे सरकली, तिच्याखालचा गोंद उघडा पडला, आणि त्या गोंदावर धूळ चिकटली. ही रेघ दिसली की समजायचं, पट्टी आकसतेय. ती रेघ खरवडून काढायच्या नादाला लागू नका, कारण नखानं कड उचलते.

म्हणूनच म्हटलं, पट्टी कडेनं मरते. मधला भाग वर्षानुवर्षं चिकटून राहील, पण एक कोपरा उचलला की त्यात पाणी जातं, पाण्याबरोबर माती जाते, आणि मातीवर गोंद पुन्हा बसत नाही. यापुढे जे काही सांगतोय ते सगळं कडेभोवतीच फिरतंय.

धुण्याचं बघू. सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे प्रेशर वॉशरची चुकीच्या कोनातून मारलेली धार. गाडी गुंडाळायच्या फिल्मसाठी थ्रीएम कंपनी ज्या सूचना देते त्या इथेही लागू पडतात. दाब २००० पीएसआयच्या आत, म्हणजे मशिनवर १३८ बार. पाणी ८० अंश सेल्सियसच्या खाली. नोझल ४० अंशांच्या रुंद फवाऱ्याचं, पट्टीपासून निदान ३० सेंटिमीटर लांब, आणि धार सरळ समोरून. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. तिरपी धार कडेखाली पाचरीसारखी घुसते. चाकाजवळची टोकं आधी का उचलतात? कारण चाकाच्या खाचेतला चिखल काढायला पोरं नोझल तिथेच जवळ नेतात, तेही तिरपं. माझ्या एका मित्राच्या गाडीची अख्खी चार बोटं लांब पट्टी अशी उडाली, आणि सेंटरवाल्यानं शांतपणे सांगितलं, 'आधीच ढिली होती.' वाद घालून काही मिळत नाही, आधीच सांगितलेलं बरं. 'दादा, पट्टीवर गन मारू नका, तिथे मी हातानं पुसतो.' एवढं वाक्य पुरतं.

घरी धुताना सावलीत, गाडी गार झाल्यावर. काळ्या पट्टीवर दुपारी हात ठेवून बघा, शेजारचा पांढरा पत्रा कोमट असतो तेव्हा पट्टी चटका देते. अशा वेळी शॅम्पू जागच्या जागी वाळतो आणि डाग सोडतो. आधी नुसत्या पाण्यानं धूळ वाहून जाऊ द्या, मग कार शॅम्पू आणि मायक्रोफायबर, वरून खाली. फडक्याची दिशा पट्टीच्या लांबीला धरून, किंवा मधून कडेकडे. बाहेरून कडेवर घासत आत यायचं नाही. शेवटी कोरडं करायचं, विशेषतः कडा. बोअरचं पाणी असेल तर हे टाळूच नका. त्यातले क्षार वाळून जे पांढरे ठिपके उरतात, ते काळ्या पट्टीवर जितके उठून दिसतात तितके कुठेच दिसत नाहीत. बसलेच ठिपके, तर व्हिनेगरमध्ये चार-पाच पट पाणी घालून फडक्यानं हलकेच पुसा आणि लगेच साध्या पाण्यानं धुवा. भिजवून ठेवू नका.

सोसायटीत रोज सकाळी गाडी पुसणारे काका असतात, त्यांच्याशीही एकदा बोला. एक बादली आणि एक फडकं यात त्यांना दहा-पंधरा गाड्या उरकायच्या असतात, त्यामुळे दोष त्यांचा नाही. पण आधीच्या नऊ गाड्यांची धूळ त्या फडक्यात असते, आणि ते पट्टीवर घासलं की चकाकी जाते. आपलं एक स्वच्छ फडकं त्यांना देऊन ठेवलं की काम झालं.

डागांचं तंत्र सोपं आहे, जितक्या लवकर तितकं चांगलं. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते, उन्हात ती फिल्मवर कायमचा ठसा सोडते. जूनमध्ये जांभळाखाली गाडी लावणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. वाळलेलं खरवडायचं नाही, ओलं फडकं दोन-चार मिनिटं वर ठेवायचं, मऊ झालं की उचलायचं. डांबर, झाडाचा चीक अशा हट्टी गोष्टींसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल रिपेअरवाले वापरतात तेच. दोन भाग अल्कोहोल, एक भाग पाणी, फडक्यावर घेऊन पुसायचं आणि धुवायचं, थेट पट्टीवर ओतायचं नाही. आणि आधी खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून बघायचं. घरातलं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीनसारखं बरंच काही असतं. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांच्या तर वाटेलाही जाऊ नका. ते डागाबरोबर फिल्म आणि गोंदही मऊ करतात. पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरून पेट्रोल सांडतं ना, झाकणाखाली पट्टी असेल तर ते लगेच पाण्यानं धुवा.

आता कंपाउंड. त्यात बारीक खर असते. पत्र्यावरच्या क्लिअर कोटचा अगदी पातळ थर घासून ओरखडे घालवणं हे तिचं काम. पट्टीवर असा वेगळा कोट बहुधा नसतोच, म्हणजे तुम्ही थेट रंगीत प्लास्टिकच घासताय. दोन दिवस बरं दिसेल, मग आधीपेक्षा करडं. शिवाय बफिंग मशिनचं फिरतं पॅड कडेत अडकलं तर कोपरा गेलाच. नाशिकच्या मित्रा, तुझी पट्टी करडी झालीय ती बहुतेक क्षार आणि उन्हानं. क्षार असतील तर वर सांगितल्याप्रमाणे निघतील. उन्हानं झालेलं कुठलंच केमिकल परत आणत नाही.

वॅक्सबद्दल माझं मत जरा रुक्ष आहे. चकचकीत पट्टीवर चालतं, पण कडेला पांढरं साचतं, आणि बऱ्याच पेस्ट वॅक्समध्ये पेट्रोलियम द्रावक असतात. मॅट पट्टीवर तर लावूच नका, तेलकट चट्टे पडतात. लावायचंच असेल तर व्हिनाइलसाठी चालतं असं बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं स्प्रे सीलंट घ्या. डॅशबोर्ड पॉलिश नको. त्यातलं सिलिकॉन कडेतून आत झिरपलं की नंतर तिथे काहीही चिकटत नाही.

खरं संरक्षण म्हणजे सावली. आडव्या पृष्ठभागावर ऊन थेट पडतं, म्हणून बॉनेट आणि टपावरच्या पट्ट्या दारांवरच्यापेक्षा खूप आधी जातात. ऑफिसला उघड्या पार्किंगमध्ये रोज एकाच जागी, एकाच दिशेनं गाडी लावत असाल तर दुपारचं ऊन रोज एकाच बाजूला बसतं. एक दिवस तोंड आत, एक दिवस तोंड बाहेर. आमच्या भाषेत लोड बॅलन्सिंग, आणि फुकट. कव्हर घालत असाल तर गाडी स्वच्छ असताना घाला. धुळीवर वाऱ्यानं फडफडणारं कव्हर म्हणजे पॉलिश पेपर.

टोक उचललंच असेल तर? आत माती गेलेली नसेल आणि गोंद हाताला चिकट लागत असेल तर वाचतं. अल्कोहोलच्या फडक्यानं पत्रा आणि पट्टीची कड पुसा, पूर्ण वाळू द्या, हेअर ड्रायरनं पट्टी कोमट करा आणि मऊ कापडानं मधून बाहेरच्या दिशेला दाबत या. मग दोन-तीन दिवस पाणी नाही. माती आत गेली असेल तर दाबून उपयोग नाही. तेवढं टोक रेडियमवाल्याकडून कापून गोल करून घ्या. टोकदार कोपरा आधी उचलतो, गोल कोपरा तग धरतो. नवी पट्टी लावतानाही हेच सांगा, कोपरे गोल कापा. फेविक्विकनं मात्र चिकटवू नका. ते वाळून काचेसारखं कडक होतं, आणि पुढे पट्टी काढताना रंगाची खपली घेऊन निघतं.

आणि पट्टीला बारीक भेगा दिसायला लागल्या, वाळलेल्या चिखलासारख्या, तर तिला वाचवायचा विचार सोडा आणि लगेच काढा. अजून एक उन्हाळा काढू म्हणालात तर ती अखंड निघणार नाही, नखाएवढे तुकडे निघतील आणि प्रत्येकाखाली गोंद उरेल. काढताना ड्रायरनं गरम करत, पट्टी स्वतःवरच दुमडून, पत्र्याला जवळजवळ समांतर, हळू ओढायची. ब्लेड नाही, स्क्रू ड्रायव्हर तर मुळीच नाही. उरलेला गोंद अल्कोहोलनं नाहीतर गाडीच्या रंगाला चालणाऱ्या गोंद काढायच्या द्रावणानं. एकदा पुन्हा रंगवलेलं दार असेल तर जास्तच जपून, कारण कारखान्यातल्या रंगाइतकी त्याची पकड नसते.

निघाल्यावर तिथे पट्टीच्याच आकाराचा थोडा गडद, ताजा रंग दिसेल. घाबरू नका. तो भाग खराब झालेला नाही, उलट तुमची गाडी शोरूममधून आली तेव्हा साधारण अशी होती. उन्हानं उडालाय तो बाकीचा रंग. लाल आणि गडद गाड्यांवर हा फरक जास्त दिसतो, पांढऱ्यावर जवळजवळ नाहीच. थोडा फरक असेल तर आजूबाजूचा रंग पॉलिश करून बराच जुळतो. जास्तच असेल तर त्याच मापाची नवी पट्टी लावणं, या वेळी कास्ट, गोल कोपऱ्यांची, हा सगळ्यात स्वस्त उपाय.