पिशवीतली सहावी वस्तू

नवी मुंबईतल्या मुलांना सेक्टर आणि प्लॉट नंबर काही नवे नाहीत. कधी कधी नकाशावर नंबर असतो, पण प्लॉटवर नुसतं गवत! ‘पोकेमॉन रेड’ आणि ‘ब्लू’ या जुन्या गेमच्या पोटातही असेच रिकामे प्लॉट आहेत. पोकेमॉनसाठी १९० नंबर राखलेले होते, आले मात्र १५१. उरलेल्या ३९ जागांवर एकच पाटी: मिसिंगनो.

वस्तूंच्या यादीतही अशी गंमत आहे. सात नंबरच्या वस्तूचं नाव नुसतंच ‘?????’. पण तिचा कोड शाबूत आहे, आणि तो आहे पाण्यावर तरंगायच्या सर्फबोर्डचा! अख्ख्या गेममध्ये ती कुणीच आपल्याला देत नाही.

खरी कमाल मात्र मिसिंगनोची. व्हिरिडियन शहरातल्या आजोबांनी पोकेमॉन पकडून दाखवला, की लगेच उडत सिनाबार बेटावर जायचं आणि पूर्वेच्या किनाऱ्यालगत पोहायचं. मिसिंगनो समोर आला, की पिशवीतल्या सहाव्या वस्तूची संख्या एकदम १२८ ने वाढते. एक असेल तर १२९! एरवी ९९ च्या वर जाताच येत नाही.

पण सहावीच का? कागद-पेन्सिल घ्या.

कोणता पोकेमॉन दिसला, याची खूण गेम छोट्या चौकटीत करतो. आठ चौकटींचा एक बाइट. १५१ पोकेमॉनसाठी १९ बाइट लागतात. त्यांना लागूनच पिशवी आहे: विसाव्या बाइटमध्ये एकूण किती प्रकारच्या वस्तू आहेत ते, आणि पुढे प्रत्येक वस्तूला दोन बाइट. आधी वस्तू कोणती, मग ती किती.

या खुणांच्या यादीत मिसिंगनोचा नंबर शून्य. गेम चौकटी शून्यापासून मोजतो, म्हणून नंबरातून एक वजा करतो. शून्यातून एक गेला की उणे एक. पण हा नंबर एका बाइटमध्ये असतो, आणि त्या बाइटला उणे संख्या ठाऊकच नाही. तो फिरून थेट २५५ वर जातो! म्हणजे २५६ वी चौकट. २५६ भागिले ८, बरोबर ३२. बत्तिसाव्या बाइटमधली शेवटची चौकट.

आता पिशवी मोजा. वीस बाइट, अधिक सहा वस्तूंचे बारा. बत्तीस! खूण पडली ती थेट सहाव्या वस्तूच्या संख्येवर, आणि बाइटमधल्या त्या चौकटीची किंमत असते १२८. चौकट आधीच भरलेली असेल, तर काहीच वाढत नाही. मला तर हे गणित त्या फुकटच्या वस्तूंपेक्षाही भारी वाटतं.

आता कोडं तुमच्यासाठी. पोकेमॉन १५१ ऐवजी १६० असते, तर खुणांना २० बाइट लागले असते आणि पिशवी एक बाइट पुढे सरकली असती. मग मिसिंगनो दिसल्यावर पिशवीत काय बदललं असतं? मोजा आणि आम्हाला कळवा!