एक-शून्य-एक

राहात्यातल्या एखाद्या औषधाच्या दुकानापाशी थोडा वेळ उभा राहिलो, की रुग्णांचा वर्ग खरा कुठे भरतो ते मला दिसते. चिठ्ठीवरचे ‘बीडी’, ‘टीडीएस’ हे लॅटिन शब्दांचे संक्षेप. दुकानदार त्यांचे ‘१-०-१’ करतो, ‘जेवल्यावर घ्या’ म्हणतो आणि हव्या तेवढ्या गोळ्या कात्रीने कापून देतो. त्या कात्रीत कधी औषधाचे नाव तुटते, कधी मुदतीची तारीख. २०१६ साली भारतीय वैद्यक परिषदेने औषधांची मूळ नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितले. चांगलेच झाले; पण त्या अक्षराचा उपयोग दुकानदाराला, रुग्णाला नव्हे.

आणि ही अडचण निरक्षरांपुरती नाही. मधुमेहाची ‘शुगर’ झाली, म्हणून लोक चहातली साखर सोडतात. राहात्याचा पेरू चालेल का, हे आवर्जून विचारतात. भाताबद्दल मात्र कोणी विचारत नाही. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह’ ऐकून हायसे वाटलेली शिकलेली माणसे मी पाहिली आहेत. रक्तदाबाची गोळी बंद पडते, कारण दुखणे थांबले की औषध थांबवायचे हा आपला पिढीजात हिशेब. रक्तदाब मुळात दुखतच नाही, हे सांगायचे राहून गेलेले असते.

आपल्याच जिल्ह्याच्या दक्षिणेला, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळखही नव्हती. जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडायची रूढी होती. तिथे सासूचा मान राखून मीठ-साखरेचे पाणी पाजायला लावणे पुस्तकी भाषेला जमणारे नव्हते; ते शेजारणीलाच जमणारे.

दवाखान्यात शेजारीण नसते. ‘समजलं का?’ असे विचारले की आजी ‘हो’ म्हणते; डॉक्टरांना ‘नाही’ कसे म्हणायचे? त्याऐवजी विचारावे, ‘‘आजी, मी नीट सांगितलं का ते बघायचंय. घरी गेल्यावर गोळी कधी घ्याल?’’ परीक्षा मग सांगणाऱ्याची होते. बाहेर रांग असते, हे खरे. पण याला मिनिटभर लागते, आणि त्या मिनिटात जे बाहेर येते ते चिठ्ठीत कधीच नसते. शिर्डी इथून हाकेच्या अंतरावर, घरोघरी गुरुवार. आजी सांगते, ‘‘सकाळी एक, रात्री एक, जेवल्यावर. गुरुवारी उपास, त्या दिवशी नाही.’’ शेजारची दुसरी उपाशीपोटीच गोळी घेते. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी अशा वेळी साखर एकदम उतरून चक्कर येते, शुद्धही हरपू शकते. घरचे म्हणतात, उपास झेपला नाही.