उत्सवातील सहभाग आणि समाजांतील सलोखा : सातारा-सांगलीचा अनुभव

भिन्न धर्मांचे, जातींचे किंवा भाषांचे लोक चौकात, मैदानात, देवळाच्या अथवा दर्ग्याच्या आवारात एकत्र आले की त्यांच्यातील दुरावा आपोआप कमी होतो, अशी समजूत सर्वत्र आढळते आणि तिच्याच आधारे सरकारी यंत्रणा, नगरपालिका व स्वयंसेवी संस्था सलोख्याचे मेळावे भरवीत असतात. ही समजूत अगदीच निराधार नाही. परंतु ती अपुरी आहे, कारण ज्या गर्दीतून स्नेह वाढतो तशाच गर्दीतून दंगलही पेटते, आणि सातारा व सांगली या शेजारच्या दोन जिल्ह्यांनी गेल्या दोन दशकांत ही दोन्ही रूपे पाहिली आहेत. सार्वजनिक जागेतील कार्यक्रम केव्हा जोडतो आणि केव्हा तोडतो, या प्रश्नाची उकल करण्यासाठी या दोन जिल्ह्यांइतका बोलका प्रदेश महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

सांगली जिल्ह्यातील कडेगावचा मोहरम हे यातील सर्वांत विचार करण्याजोगे उदाहरण होय. मोहरम हा इस्लामी वर्षाचा पहिला महिना असून त्याच्या दहाव्या दिवशी, करबलाच्या रणात इमाम हुसेन यांना आलेल्या हौतात्म्याचे स्मरण केले जाते. दख्खनमध्ये या स्मरणासाठी कागद व बांबूचे ताबूत, म्हणजे हुसेन यांच्या समाधीच्या प्रतिकृती, उभारण्याची प्रथा शतकानुशतके चालत आली आहे. कडेगावचे ताबूत त्यांच्या उंचीसाठी ओळखले जातात. त्यांतील उंच ताबूत शंभर फुटांहून अधिक भरतात आणि म्हणूनच त्यांना ‘गगनचुंबी’ म्हटले जाते. तथापि उंचीपेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की येथील ताबुतांपैकी जवळपास निम्म्यांचा मान हिंदू घराण्यांकडे आहे. सातभाई, बागवान, अत्तार, तांबोळी यांच्या ताबुतांच्या बरोबरीने देशपांडे, पाटील, शेटे आणि सुतार यांचे ताबूत निघतात, आणि दहाव्या दिवशी गावाच्या मध्यभागी हजारो लोकांच्या साक्षीने त्यांच्या भेटी घडवल्या जातात. कराडचे ताबूत पाहून कडेगावच्या देशपांडे घराण्यातील एका पुरुषाने आपल्या गावात ही प्रथा रुजवली, असे परंपरेने सांगितले जाते.

या ताबुतांची बांधणी जवळून पाहिली म्हणजे सलोख्याचे मर्म नेमके कोठे आहे ते ध्यानात येते. बांबूच्या कामट्या चिकट मातीत भिजवलेल्या सुताने आवळून बांधल्या जातात, अष्टकोनी आकाराचे मजले एकावर एक रचले जातात, आणि सर्वांत विलक्षण म्हणजे बांधणीची सुरुवात वरच्या टोकापासून होते. प्रथम कळस तयार करून तो उचलून धरायचा, त्याखाली पुढचा मजला जोडायचा, पुन्हा सगळा डोलारा उचलायचा, असा क्रम चालतो, ज्याचे वर्णन गावकरी ‘आधी कळस, मग पाया’ या शब्दांत करतात. एखाद्या घरातील चार माणसांनी उरकावे असे हे काम नाही. प्रत्येक मजल्यागणिक उचलणारे हात वाढवावे लागतात, एकाचा तोल सुटला तर साऱ्यांचे श्रम वाया जातात, आणि दहाव्या दिवशी हा डोलारा खांद्यावर घेऊन अरुंद रस्त्यांतून नेताना तर खांदेकऱ्यांची पावले एका तालात पडणे अपरिहार्य ठरते. भेटीचा सोहळा पाहायला येणाऱ्या हजारोंना जे काही तासांत दिसते, त्याच्यामागे कित्येक दिवसांचे हे सामायिक राबणे असते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 साली पूर्वग्रहांवरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात मांडलेला सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. ‘संपर्क-गृहीतक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सिद्धान्तानुसार दोन समाजांतील व्यक्तींचा संपर्क पूर्वग्रह कमी करू शकतो, परंतु त्यासाठी चार अटी अनुकूल असाव्या लागतात : त्या प्रसंगापुरता तरी दोहोंचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट एकच असावे, ते साधण्यासाठी परस्परांच्या सहकार्याची गरज पडावी, आणि समाजातील अधिकारी व्यक्तींचा अथवा रूढीचा त्याला पाठिंबा असावा. पुढे 2006 मध्ये थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी जगभरातील 515 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा संपर्कामुळे पूर्वग्रह सामान्यतः घटतो आणि या अटी पाळल्या गेल्या तर अधिक घटतो, असे त्यांना आढळले. कडेगावच्या गावकऱ्यांनी ऑलपोर्ट वाचण्याची गरज नव्हती. मानाची वाटणी, एकच डोलारा, खांद्याला खांदा आणि पिढ्यान्‌पिढ्यांची रूढी यांच्या रूपाने या चारही अटी तेथे आधीच नांदत होत्या.

सांगली व सातारा भागांतील कित्येक लहान गावांत मोहरमला ‘पीर बसतात’, म्हणजे पिरांच्या पंजांची स्थापना होते, तेव्हा ते पंजे धरणारे, नवस बोलणारे, मुलांना फकीर करणारे आणि गव्हाचे गोड चोंगे घरोघरी तळणारे लोक बहुसंख्येने हिंदूच असतात. काही गावांत तर मुसलमानांचे एकही घर उरलेले नसताना ग्रामस्थ पीर बसवण्याची रीत सोडत नाहीत. याच प्रथेची दुसरी बाजू वाळवा तालुक्यातील गोटखिंडी येथे दिसते. तेथील झुंजार चौकातील न्यू गणेश मंडळाची गणेशमूर्ती चार दशकांहून अधिक काळ मशिदीत बसवली जात आहे. मंडपातील मूर्ती पावसात भिजू लागल्याने मुस्लिम शेजाऱ्यांनीच ती मशिदीत आणण्याची विनंती केली आणि तेव्हापासून हा पायंडा पडला, असे गावकरी सांगतात. प्रसाद, आरती, विसर्जन यांची व्यवस्था दोन्ही समाजांतील तरुण मिळून पाहतात, आणि बकरी ईद गणेशोत्सवाच्या दिवसांत आली तेव्हा मुस्लिम कुटुंबांनी नमाज पढून सण साजरा केला, मात्र मांसाहार टाळला. कोणत्याही सरकारी परिपत्रकाने हे घडवून आणलेले नाही.

इतिहासाकडे पाहिले तर मोहरम आणि गणेशोत्सव या दोन सणांचे नाते अधिक गुंतागुंतीचे असल्याचे कळते आणि ते झाकून ठेवण्याने काहीच साधत नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्यासह पश्चिम महाराष्ट्रातील हिंदू मोठ्या संख्येने मोहरमच्या मिरवणुकीत सामील होत असत. ऑगस्ट 1893 मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली, त्याच वर्षी पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक स्वरूप येऊ लागले, आणि पुढील वर्षापासून लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने त्याचा विस्तार झाला; त्या काळात हिंदूंनी ताबुतांपासून दूर राहावे असा प्रचारही झाला, आणि उत्सवातील मेळ्यांच्या व मिरवणुकीच्या स्वरूपावर मोहरमच्या मेळ्यांची छाप असल्याचे इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. सामायिक असलेली सार्वजनिक जागा तेव्हापासून अनेक शहरांत दोन मिरवणुकांमध्ये विभागली गेली. कडेगाव आणि गोटखिंडी यांचे मोल या पार्श्वभूमीवर ठसते, कारण जी फारकत शहरांनी स्वीकारली ती या गावांनी स्वीकारली नाही.

मिरजेचे चित्र मात्र दुहेरी आहे. येथील ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसाचा प्रारंभ चर्मकार समाजाच्या मानाच्या गलेफाने, म्हणजे मजारीवर अर्पण करावयाच्या चादरीने होतो. किराना घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर याच आवारात आहे, त्यांचे 1937 साली निधन झाले, आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात भरणाऱ्या संगीत सभेत देशभरातील गायक-वादक मानधनाच्या अपेक्षेने नव्हे तर ‘हजेरी’ लावण्याच्या भावनेने येतात. मिरजेतील सतार-तंबोरा घडवणारे कारागीर हे मूळचे हत्यारांना धार लावणारे शिकलगार. एकोणिसाव्या शतकात त्यांनी भोपळा आणि तारा हाती घेतल्या, त्यांच्या वाद्यांवर सर्व धर्मांच्या कलावंतांनी आपली कला जोपासली, आणि 2024 मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकनही लाभले. एवढी समृद्ध परंपरा असलेल्या याच शहरात सप्टेंबर 2009 मध्ये गणेशोत्सवाच्या काळात अफझलखान वधाचे चित्र असलेल्या कमानीवरून वाद पेटला, दगडफेक झाली, संचारबंदी लावावी लागली आणि त्याचे पडसाद सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीपर्यंत उमटले. सातारा जिल्ह्यातील पुसेसावळी येथे 10 सप्टेंबर 2023 च्या रात्री समाजमाध्यमावरील मजकुराचे निमित्त होऊन जमावाने प्रार्थनास्थळावर हल्ला केला आणि त्यात एका तरुणाचा जीव गेला.

उरुसाची संगीत सभा मिरजेला 2009 मध्ये का वाचवू शकली नाही, या प्रश्नाचे उत्तर टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी 2002 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अलीगढ व कालिकत, हैदराबाद व लखनौ, अहमदाबाद व सुरत अशा शहरांच्या जोड्यांची तुलना करून असे दाखवले की खेड्यात शेजाऱ्यांची रोजची ऊठबस शांतता टिकवण्यास बहुधा पुरते. शहरात मात्र ती पुरत नाही, तेथे दोन्ही समाजांचे सभासद असलेल्या व्यापारी संघटना, कामगार संघ, वाचनालये, क्रीडामंडळे अशा बांधलेल्या संस्था लागतात, कारण अफवा पसरली की त्याच संस्थांतील ओळखीची माणसे एका तासात एकमेकांपर्यंत पोहोचू शकतात. संगीत सभेतील श्रोता शेजारी बसलेल्या अनोळखी श्रोत्यासह तल्लीन होतो खरा, परंतु सभा संपल्यावर दोघांना पुन्हा भेटण्याचे कारण उरत नाही. भिवंडीचा अनुभव याला पूरक आहे. 1970 आणि 1984 च्या भीषण दंगलींनी होरपळलेल्या या शहरात 1988 नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत दोन्ही समाजांतील सामान्य नागरिकांच्या मोहल्ला समित्या उभारल्या, त्या नळाच्या भांडणापासून घरगुती तंट्यांपर्यंतचे प्रश्न नियमितपणे हाताळत राहिल्या, आणि 1992-93 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

अलीकडील दोन प्रयोगांनी हा मुद्दा अधिक नेमका केला आहे. अर्थशास्त्रज्ञ मॅट लोव यांनी उत्तर प्रदेशातील गावांत 1,261 तरुणांना प्रयोगात सामील करून त्यांतील काहींना क्रिकेटच्या स्पर्धांत खेळवले आणि 2021 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले : वेगवेगळ्या जातींचे तरुण एकाच संघात खेळले तेव्हा त्यांच्यात मैत्री वाढली, परंतु परस्परविरोधी संघांत समोरासमोर आले तेव्हा जवळीक उलट घटली. सल्मा मूसा यांनी इराकमध्ये, इस्लामिक स्टेटच्या अत्याचारांमुळे विस्थापित झालेल्या ख्रिस्ती फुटबॉलपटूंच्या काही संघांत मुस्लिम खेळाडू घेतले; 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ख्रिस्ती खेळाडूंचे आपल्या मुस्लिम सहकाऱ्यांशी वागणे स्पष्टपणे सुधारलेले दिसले, पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांविषयीच्या वर्तनात तसा बदल आढळला नाही. सलोख्यासाठी केलेल्या कार्यक्रमांना असलेली ही मर्यादा संयोजकांनी मनापासून मान्य केली पाहिजे, कारण एका दिवसाच्या मेळाव्यावर वर्षभराच्या शांततेचा भार टाकण्याची चूक तिच्या अज्ञानातूनच होते.

सातारा-सांगलीतील गावजत्रांचे कुस्ती मैदान या दृष्टीने विशेष लक्षणीय ठरते. हलगीच्या ठेक्यावर भर उन्हात चालणाऱ्या लढतीत दोन मल्ल परस्परांचे प्रतिस्पर्धी असतात, त्यामुळे लोव यांच्या निष्कर्षानुसार त्यातून दुरावा वाढण्याची भीती वाटावी. परंतु मल्ल ज्या तालमीत घडतो तेथे वस्ताद त्याला रोज जोडीदाराशी झुंजवतो, हौद्यातील माती सर्वांच्या अंगाला सारखीच लागते, आणि जिंकलेला मल्ल गावाच्या वा तालमीच्या नावाने ओळखला जातो. म्हणजे भिन्न समाजांची मुले एका तालमीत एकाच संघासारखी घडतात. अर्थात ज्या तालमीत एकाच समाजाची मुले येतात तेथे हा लाभ मिळत नाही.

साताऱ्याने सामायिक श्रमाचा याहून मोठा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी केला होता, आणि त्याचा सध्याच्या चर्चेत क्वचितच उल्लेख होतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, ज्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते झाले. तेथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशा सर्व समाजांची मुले एकत्र राहत, आळीपाळीने पाणी भरत, स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. सहभोजनाचे कार्यक्रम त्या काळात इतरत्रही होत असत. कर्मवीरांचे वेगळेपण असे की त्यांनी पंगतीआधीची चूल, सरपण आणि भांडी घासणेही सामायिक केले आणि एका दिवसाचा प्रसंग वर्षानुवर्षांची दिनचर्या बनवला.

आजच्या उत्सवांपुढे असलेला प्रश्न कालगणनेशीही निगडित आहे. इस्लामी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने त्या वर्षातील सण दरवर्षी मागे सरकतात आणि साधारणपणे 33 वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतात; म्हणूनच 2018 ते 2020 या काळात मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तर 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली. त्या वर्षी राज्यातील अनेक ठिकाणच्या मुस्लिम संघटनांनी आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढण्याचा निर्णय स्वतःहून घेतला, आणि पुढील दोन वर्षांतही मुंबईसह काही शहरांत तारखा अशाच पुढे ढकलण्यात आल्या. हा समजूतदारपणा निःसंशय गौरवास्पद आहे. तथापि त्यातून संघर्ष टळतो, सहवास वाढत नाही, कारण दोन मिरवणुका दोन दिवशी निघून गेल्या की दोन्ही समाजांतील कार्यकर्त्यांची गाठ पडण्याचा प्रसंगच येत नाही.

पोलीस ठाण्यात सणाच्या तोंडावर भरणाऱ्या शांतता समितीच्या बैठकीचेही असेच आहे. तीत मार्ग, वेळ आणि ध्वनिक्षेपकाचे नियम ठरतात, नेहमीचेच प्रतिष्ठित लोक भाषणे करतात आणि पुढची बैठक पुढच्या सणालाच होते, तर ज्या वयाची मुले मिरवणुकीत अग्रभागी असतात ती या बैठकीला बहुधा नसतातच. या समित्यांकडे वर्षभर चालणारे एखादे ठोस काम सोपवता येईल : विसर्जनाच्या कृत्रिम हौदांची देखभाल, उरुस व यात्रेतील पाण्याची सोय, ‘एक गाव एक गणपती’ स्वीकारलेल्या गावांत वाचलेल्या वर्गणीतून अभ्यासिका उभारणे, किंवा कृष्णा-वारणेच्या काठी राहणाऱ्यांना 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी ज्याची निकड पटवली आहे ते बचाव पथक घडवणे. अशा पथकात प्रत्येक मंडळाने आणि प्रत्येक मोहल्ल्याने आपले चार-पाच तरुण द्यावेत, त्यांची सरमिसळ करून तुकड्या पाडाव्यात, आणि पावसाळ्याआधी बोट चालवण्याचा सराव नदीच्या घाटावर सर्वांदेखत व्हावा. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सण सुरू होतील तेव्हा बंदोबस्ताला उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकांकडे एकमेकांचे दूरध्वनी क्रमांक आधीपासूनच असतील.