भेटीची गोधडी : अखंड कीं जोडाची ?

बारसें, लग्न, साठीशांत असा प्रसंग जवळ आला कीं भेट काय द्यावी, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबांत निघतो. पैसे टाकून मिळणाऱ्या वस्तूंना बाजारांत तोटा नाहीं; परंतु घरच्या हातांनीं शिवलेल्या गोधडीची सर त्यांना येत नाहीं. आमच्या नाशिक जिल्ह्यांत तर तिची उपयुक्तता वेगळी सांगावयास नको. निफाडकडे थंडींत पारा कित्येकदां पांच-सहा अंशांपर्यंत उतरतो.

हल्लीं मात्र गोधडी करावयाची ठरली कीं पहिला वाद उभा राहतो तो रीतीचा. सबंध गोधडी जमिनीवर अंथरून एकाच अंगानें शिवावी, कीं तिचे चौकोन निरनिराळे घेऊन, प्रत्येकाचे सर्व थर शिवून पुरे करून, मग ते एकमेकांस जोडावे ? वडीलधाऱ्या स्त्रिया पहिल्या रीतीच्या, तर सुना-नाती बहुधा दुसरीच्या बाजूच्या असतात. हा वाद केवळ आवडीनिवडीचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु आजीचें लुगडें घरांत एकच उरलेलें असतें, आणि त्यावर चाललेली कातर मागें घेतां येत नाहीं. म्हणून निर्णय कातर हातीं घेण्यापूर्वीं व्हावयास हवा.

जुन्या रीतीचें गणित नऊवारी लुगड्याशीं चांगलें जुळलेलें आहे. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. तें चारपदरी केलें कीं ८१ इंच, म्हणजे पावणेसात फूट लांबीचें पांघरूण होतें. रुंदी लुगड्याच्या पन्ह्याइतकी. एका माणसास पुरणाऱ्या या पांघरुणास कातर लावावी लागतच नाहीं. पदर सारखे अंथरून, सुरकुत्या काढून, कोपऱ्यांवर वजनें ठेवून प्रथम लांब कच्चे टांके घालावयाचे. मग कडेपासून आरंभ करून धांवदोरा फेऱ्याफेऱ्यानें आंत नेत मध्यापर्यंत आणावयाचा. अशा गोधडीस कोठेंही सांधा नसतो, त्यामुळें ती अंगास टोंचत नाहीं. आणि सांधाच नसल्यामुळें धुण्यांत उसवण्याचें भयही थोडें.

परंतु या रीतीस तीन गोष्टी लागतात : सात-आठ फूट मोकळी जमीन, गोधडीभोंवतीं बसणाऱ्या दोन-तीन स्त्रिया, आणि पुष्कळ दिवस मांडी घालून बसूं शकणारे गुडघे. वाड्याच्या ओटीवर हीं तिन्ही मिळत. आज एक भाऊ नाशकास, दुसरा पुण्यास व तिसरा परदेशीं अशी कुटुंबाची वांटणी झालेली असते, आणि सदनिकेंतील बैठकीची जागा चार दिवसही अडवून ठेवतां येत नाहीं. जोडाची रीत पुढें आली ती या अडचणींतून. एक चौकोन मांडीवर मावतो, पिशवींत घालून प्रवासांत नेतां येतो, आणि घरगुती यंत्राच्या अरुंद मोकळींतही तो सहज फिरतो.

ही रीत परदेशी म्हणून नाक मुरडण्याचें कारण नाहीं, व नवी म्हणून भुलण्याचेंही नाहीं. बुद्धानें मगध देशांतील बांध घातलेलीं शेतें दाखवून, त्याच आकृतीचें तुकड्यातुकड्यांचें चीवर करावें असें आनंदास सांगितल्याची कथा विनयपिटकाच्या महावग्गांत आहे. चीवराचा विषय निघाला म्हणजे नाशिककरांस पांडवलेणीं आठवावीं. तेथील १० व्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात याचा दानलेख आहे. त्यानें २००० कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणीकडे दरमहा शेंकडा एक व्याजानें ठेवले. त्याचें वार्षिक व्याज २४० होतें, व त्यांतून वर्षावासांत राहणाऱ्या २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापण वस्त्राकरितां मिळावयाचे होते. पांघरण्याची भेट नीट हिशेब करून द्यावी, याचा इतका जुना दाखला आमच्या गांवालगतच आहे.

आपल्या सीमेवरही या रीतीची एक बहीण नांदते. उत्तर कानडा जिल्ह्यांतील हल्याळ, येल्लापूर या भागांतील सिद्दी स्त्रिया ‘कवंदी’ नांवाची गोधडी करतात. त्या आधीं तुकडे जोडून मग शिवीत नाहींत. कडेपासून एकेक तुकडा खालच्या कापडावर ठेवीत, त्याच धांवदोऱ्यानें तो बसवीत व थर शिवीत मध्याकडे जातात. जोडणें व शिवणें हीं दोन कामें तेथें एकच होतात. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत सैनिकांकरितां केलेल्या कांहीं गोधड्यांत प्रत्येक चौकोन स्वतंत्र गोट लावून पुरा केलेला आहे, व मग ते सर्व कडेस कड लावून जोडलेले आहेत. पुढें तिकडील जॉर्जिया बोनस्टील या बाईंनीं दूरचित्रवाणीवरून व १९८२ सालच्या आपल्या पुस्तकांतून मांडीवर शिवण्याची ही रीत घरोघर पोंचविली.

आतां जोडण्याच्या प्रकारांकडे वळूं. ते मुख्यतः तीन. पहिल्यांत प्रत्येक चौकोनाच्या कडेस सुमारें एक इंच जागा न शिवतां सोडतात. वरच्या पदरांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून तेवढेच शिवावे. मधला थर कडेस कड भिडेल असा कापावा. मग अस्तराची एक कड दुमडून दुसरीवर हातानें बारीक टांक्यांनीं बसवावी. मधला थर एकावर एक चढला तर तेथें कायमचा उंचवटा राहतो. हा जोड सर्वांत मऊ, पण वेळ खाणारा. दुसऱ्यांत चौकोन पुरे शिवून कडा सारख्या छाटतात, व सांध्यावर वरून आणि खालून पट्टी लावतात. हें यंत्रावर लौकर होतें, परंतु प्रत्येक सांध्यावर कापडाचे थर वाढून तो ताठ होतो. तिसरा प्रकार वर सांगितलेल्या गोटाचा. दूरदूरच्या हातांनीं केलेले चौकोन एकत्र आणावयाचे असतील तर तोच सोयीचा.

तिन्हींत एक नियम समान आहे. शिवतांना कापड आंवळतें. म्हणून तयार मापांत शिवणींत जाणारी कड धरून वर आणखी अर्धा इंच घ्यावा, व शिवून झाल्यावर चौकोन मापास आणावा. सर्वांनीं टांके सारख्याच दाटीचे घालावे, नाहींतर एकीचा चौकोन आखडतो व दुसरीचा फुगतो. नवें सुती कापड आधीं धुऊन घ्यावें, म्हणजें तें आटून जातें व कच्चा रंगही तेव्हांच कळतो.

या रीतीचा खरा दोष सांधे हा आहे, व तो आंकड्यांत पाहावा. ६० इंच रुंद व ९० इंच लांब गोधडी १५ इंची चौकोनांची करावयाची, तर २४ चौकोन लागतात. उभे जोड तीन, प्रत्येकीं ९० इंच. आडवे पांच, प्रत्येकीं ६० इंच. एकूण ५७० इंच, म्हणजे साडेसत्तेचाळीस फूट. त्याच मापाची गोधडी २० इंच रुंदीच्या तीन लांब पट्ट्यांची केली, तर जोड फक्त दोन व लांबी अवघी १५ फूट. पट्टी मांडीवर मावते, यंत्रांतूनही फिरते, आणि लुगड्याची लांबीही तुटत नाहीं. मोठी भेट द्यावयाची असून जागा थोडी असेल तर चौकोनांपेक्षां या पट्ट्याच बऱ्या, असें माझें मत आहे.

राहिला आजीच्या लुगड्याचा प्रश्न. चार नातींस वांटा हवा म्हणून त्याचे लहान लहान चौकोन पाडण्याचा मोह होतो. तो आवरावा. विरलेलें कापड जितकें कापावें तितक्या त्याच्या कडा सुटतात, व प्रत्येक शिवण त्यास आणखी ओढते. त्यापेक्षां लुगड्याचे ८१ इंचांचे चारच भाग करावे आणि प्रत्येकीच्या गोधडीस वरचा पदर आजीचा, खालचे पदर घरांतील दुसऱ्या मऊ सुती कापडाचे, अशी वांटणी करावी. तत्पूर्वीं लुगडें उजेडासमोर धरून पाहावें. जेथें तें जाळीसारखें दिसेल तो भाग वर न ठेवतां आंतल्या थरांत घालावा.

निवड शेवटीं पांघरणाऱ्याकडे पाहून करावी. तान्ह्या मुलासाठीं लहान, पातळ, अखंड गोधडीच योग्य. मात्र वर्षाच्या आंतील मूल झोंपलेलें असतां त्याच्याजवळ सैल पांघरूण ठेवूं नये असें आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात, म्हणून तोंवर ती जागेपणीं जमिनीवर अंथरण्यास वापरावी. वृद्धांस सांध्यांचा ताठरपणा रुततो; त्यांच्यासाठीं अखंड गोधडी किंवा पहिल्या प्रकारचा मऊ जोड. नवदांपत्यास तीन पट्ट्यांची. आणि साठीशांतीस सर्व लेकी-सुनांच्या हातचें कांहीं असावें अशी इच्छा असेल, तर प्रत्येकीनें एकेक चौकोन गोट लावून धाडावा. तेथें साडेसत्तेचाळीस फुटांचे सांधे सोसण्यासारखे आहेत. मात्र ते जोडण्याचें काम एकाच हातीं सोंपवावें, व गोधडी देण्यापूर्वीं एकदां घरींच धुऊन, सुटलेला टांका बघून घ्यावा. देतांना कोणतें कापड कोणाच्या लुगड्याचें, हेंही सांगावें. तें पुढच्या पिढीस कापडावरून कळणार नाहीं.